सीमोल्लंघन नेमकं कुणाचं?

मर्यादेच्या पुढे जाणं यासाठी मराठीत शब्दांची काही कमी नाही. लोकोत्तर आहे, अलौकिक आहे, असामान्य, अचाट, अफाट, काय हवं ते घ्या. पण हे सगळे शब्द कुणातरी एकाला उचलून उंच नेऊन ठेवतात आणि आपण बाकीच्यांनी खालून मान वर करून बघायचं. सीमोल्लंघन हा शब्द मला आवडतो कारण तो जमिनीवर चालतो, अख्खं गाव पायी पायी निघून शिवेपर्यंत जातं आणि ओलांडून येतं, त्यात कुणी महापुरुष असावा लागत नाही. आणि नेमका हाच शब्द आपण गेली कित्येक वर्षं फ्लेक्सवर छापून छापून पार गुळगुळीत करून टाकलाय. दसरा आला की नेत्याचं सीमोल्लंघन, मराठी हिरोनं हिंदी सिरीयल केली की सीमोल्लंघन, नाटकाचे अमेरिकेत चार प्रयोग लागले की सीमोल्लंघन, पुण्यातल्या मिठाईवाल्यानं इंदूरला शाखा काढली तरी सीमोल्लंघन. आणि त्याच दसऱ्याच्या आसपास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव, नाशिकच्या पट्ट्यातून लाखो माणसं खरोखर शीव ओलांडून सहा-सहा महिन्यांसाठी बाहेर पडतात, त्यांच्या जाण्याला मात्र आपण हा शब्द कधी लावत नाही. त्याला आपण स्थलांतर म्हणतो. सरकारी फायलीत तर हंगामी स्थलांतर.

माझं म्हणणं असं की हा शब्द जुन्या अर्थानं वापरायचा असेल तर तो ऊसतोड कामगारांचा आहे, आणि त्यांचा आहे असं एकदा मान्य केलं की सरकारवर आणि कारखान्यांवर काही जबाबदाऱ्या आपोआप येऊन पडतात. कशा ते सांगतो, पण आधी शब्दाकडे जरा बघू.

सीमा अधिक उल्लंघन, संधी सोपी आहे, शाळेत केलेली. सीमा म्हणजे शीव. मुंबईतलं शीव स्टेशन हे त्याचंच, मुंबई बेट जिथं संपायचं आणि साष्टी सुरू व्हायची ती हद्द. उल्लंघनातला लंघ् हा धातू उडी मारून पार जाण्याचा, पांगळ्याला डोंगर ओलांडायला लावणाऱ्या त्या श्लोकातला. आणि त्याच धातूवरून आलेलं लंघन म्हणजे उपास, तेही आपल्याकडे रोजच्या वापरात आहे, ताप आला की आजी म्हणायची एक दिवस लंघन कर. पार जाणं आणि उपाशी राहणं एकाच धातूत, आता याच्यावरून लगेच तत्त्वज्ञान काढायची गरज नाही पण ऊसतोडीवाल्यांचा विषय निघाला की मला हे आठवतंच.

गंमत खरी पुढे आहे. नुसतं उल्लंघन हा शब्द घ्या, तो कुठं भेटतो? आचारसंहितेचं उल्लंघन, जमावबंदीचं उल्लंघन, सिग्नलचं उल्लंघन. म्हणजे वर्षभर जो गुन्हा आहे तो दसऱ्याच्या संध्याकाळी शुभ होतो. का होतो तर कोण ओलांडतंय आणि कोणती रेघ ओलांडतंय त्यावर आपण ठरवतो की टाळ्या वाजवायच्या का शिक्षा करायची. रघुनाथरावांच्या वेळी १७५८ ला मराठी फौजा अटकेपर्यंत गेल्या, पार पेशावरपर्यंत धडक मारली, त्याचा अटकेपार झेंडा हा वाक्प्रचार होऊन बसला, अजून वक्ते वापरतात. आणि १८८३ ला कल्याणची आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला समुद्र ओलांडून निघाली तेव्हा लोकांनी तिला काय काय ऐकवलं, धर्म बुडवते इथपासून सुरुवात, तिला जायच्या आधी सभेत उभं राहून खुलासा द्यावा लागला. ओलांडणं दोन्हीकडे तेच.

आणि मुळात शिवेच्या आत कोण होतं हाही प्रश्न आहेच ना. जुन्या गावगाड्यात शिवेची माहिती ठेवणं, रखवाली करणं, दोन गावांत शिवेवरून भांडण लागलं की साक्ष द्यायला उभं राहणं हे महारांचं वतनी काम. गावाची हद्द ज्यांना पाठ, त्यांचंच घर वेशीबाहेर. त्यांच्यासाठी ओलांडणं हे बाहेर जाण्याचं नव्हतं, आत येण्याचं होतं. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव १९२४ लाच केला होता, कागद तयार होता, पण २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन चालत जाऊन ते पाणी प्यायले तेव्हा कुठं तो कागद जमिनीवर आला, आणि त्याबद्दल लोकांनी मारही खाल्ला. पुढे १९५६ ला धम्मदीक्षेसाठी त्यांनी १४ ऑक्टोबर, म्हणजे त्या वर्षीचा दसरा, अशोक विजयादशमी निवडली. गेल्या शंभर वर्षांत दसऱ्याला झालेलं याच्याएवढं मोठं सीमोल्लंघन मला तरी दुसरं दिसत नाही. आणि त्यात कुणी आपट्याचं पान सोनं म्हणून लुटलं नाही.

आपट्यावरून एक आठवलं, जाता जाता सांगतो. कौत्साच्या गुरुदक्षिणेसाठी कुबेरानं आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडला ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, पण कालिदासाच्या रघुवंशात तो पाऊस सरळ रघूच्या कोषागारात पडतो, झाडाबिडाचा संबंध नाही. झाड लोकांनी मागून आणलं. लोकांना सोनं खजिन्यात नको होतं, हाताला येईल असं झाडावर हवं होतं, हे मला जाम आवडतं. बाकी आता बाजारात आपटा म्हणून निम्मा कांचनच विकतात आणि त्यासाठी झाडं ओरबाडतात तो वेगळा वैताग.

तर दसऱ्याच्या सीमोल्लंघनाचं मूळ काय, तर पावसाळा संपला, नद्यांना उतार पडला, रस्ते वाळले, घोड्याला रानात चारा झाला की मोहिमेला निघायचं. पांडवांनी शमीवरची शस्त्रं काढली ही महाभारतातली कथा त्याला जोडली गेली, पण व्यवहार हा पाऊसपाण्याचा होता. आणि इथं सभासदाची बखर उघडावी. जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेली ही बखर, त्यात शिवाजी महाराजांच्या लष्कराची रीत दिलीय. दसरा झाला की फौजेनं छावणीतून कूच करायचं, आठ महिने बाहेर मुलखात काढायचे, पोटही तिकडेच भरायचं, आणि पावसाळ्याला परत आपल्या देशात छावणीला यायचं. हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्या शेजारीच जे लिहिलंय ते मात्र कुणी भाषणात सांगत नाही. फौज परत येण्याआधी दाणावैरण, औषधं जमवून ठेवायची, माणसांसाठी आणि घोड्यांसाठी घरं गवतानं शाकारून तयार ठेवायची, आणि निघताना कुणाकडे काय सामान आहे त्याची यादी करायची. म्हणजे सीमोल्लंघन हा राज्याचा बंदोबस्त होता. जाणाऱ्याची नोंद होती, येणाऱ्यासाठी छप्पर होतं, औषध होतं.

मी त्या काळाची आरती करत नाहीये हे इथंच सांगून टाकतो. मुलुखगिरीत ज्याच्या मुलखात पोट भरलं गेलं त्याला विचारा, बंगालमध्ये १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या झाल्या तर तिथल्या आया अजून पोरांना झोपवताना बर्गी, म्हणजे मराठी स्वार, आले म्हणून घाबरवतात. एकाचं सीमोल्लंघन हे दुसऱ्याचं लुटलं जाणं असू शकतं. पण जो आपला माणूस आपणच बाहेर पाठवतोय त्याची सोय लावणं हे राज्याचं काम आहे एवढी अक्कल साडेतीनशे वर्षांपूर्वी होती, हा मुद्दा आहे.

आता आजच्या दसऱ्याकडे या. मराठवाड्याच्या आणि नगरच्या हद्दीवर भगवानगड आहे, अक्षरशः दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. तिथं दसऱ्याला वर्षानुवर्षं लोक जमायचे, गोपीनाथ मुंडेंच्या भाषणाला तुफान गर्दी व्हायची, कारण गर्दीतली निम्मीअधिक माणसं त्यानंतर लगेच कोयता बांधून निघणारी. पुढे गडावर राजकीय भाषण नको असं ठरलं आणि मेळावा सावरगाव घाटला गेला, अलीकडे नारायणगडावरही दसऱ्याला मोठी गर्दी झाली. मुंबईत शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा १९६६ चा, आता पक्ष फुटल्यापासून मेळावेही दोन. नागपूरला संघाचं १९२५ पासूनचं आहेच. कुणाला नावं ठेवायची नाहीत, ज्याला त्याला आपापला दसरा लखलाभ, पण सगळीकडे एक गोष्ट सारखी. स्टेजवरचा माणूस सीमोल्लंघन हा शब्द उच्चारतो आणि रात्री घरी जाऊन झोपतो, खाली बसलेला माणूस तो शब्द उच्चारत नाही आणि पुढच्या पंधरा दिवसांत बायकापोरं, शेळी, भांडीकुंडी ट्रॅक्टरवर टाकून कोल्हापूर, सांगली, सातारा, नाहीतर कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे निघतो. (सीमाप्रश्नावर तावातावानं बोलणाऱ्यांनी कधीतरी हाही विचार करावा की बेळगावची सीमा दरवर्षी सगळ्यात जास्त कोण ओलांडतं.)

आणि कसा निघतो, तर उचल घेऊन. उचल म्हणजे आगाऊ पैसे. पावसाळ्यातच मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा मधला माणूस, ती देतो, एका कोयत्याला लाखाच्या आसपास, कधी जास्त. एक कोयता म्हणजे एक जोडपं हं, माणसं दोन पण हिशोबात कोयता एक, नुसता नवरा किंवा नुसती बायको आली तर अर्धा कोयता. या हिशोबापायी पोरींची लग्नं लवकर उरकतात, कारण पोराला जोडी मिळाली की पूर्ण कोयत्याची उचल. पैसे आधीच घेतलेले, ते लग्नात, दवाखान्यात नाहीतर मागच्या उचलीत संपलेले, त्यामुळे जायचं का नाही हा प्रश्नच उरत नाही. म्हणून कुणी म्हणेल की याला सीमोल्लंघन कसलं म्हणता, ही तर सक्ती, पराक्रमाचा शब्द गरिबीला चिकटवून तुम्ही गरिबी गोड करताय. हा आक्षेप मला पटतो, अर्धा. सक्ती आहेच. पण शिलेदार-बारगीरही काय सगळे हौसेनं निघत होते का, पावसाळ्यात शेत पेरायचं आणि त्यावर भागत नाही म्हणून दसऱ्याला निघायचं हीच गत त्यांचीही होती. शब्द त्यांना लावताना आपल्याला अडचण येत नाही. आणि दुसरं म्हणजे, स्थलांतर म्हटलं की ते पावसासारखं आपोआप होतं असं वाटतं, कुणी पाठवत नाही, कुणी जबाबदार नाही. सीमोल्लंघन म्हटलं की पाठवणारा कोण, बरोबर काय दिलं, परत आल्यावर काय ठेवलंय हे विचारावं लागतं.

फडात, म्हणजे तोडणी चाललेल्या उसाच्या शेतात, एक दिवस उभं राहून बघा. पहाटे चारलाच, थंडीत, दव पडलेल्या उसात शिरायचं. नवरा बुडातून ऊस तोडत पुढे जातो, बायको पाचट (वाळलेला पाला) सोलते, वाढं (उसाचा हिरवा शेंडा, जनावरांचा चारा) वेगळं करते, मोळी बांधते. वाढं विकून चार पैसे सुटतात, तेवढीच रोकड हाताला लागते, बाकी मजुरी उचलीत वळती. मग गाडी येते, ती दुपारी येईल नाहीतर रात्री बाराला, तिच्या वेळेला काही धरबंद नाही. गाडीला एक अरुंद फळी लावतात आणि डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढायचं, फळी लवते, ओली असली की पाय सटकतो, आणि मोळी तीस-चाळीस किलोची. गरोदर बाईही हेच करते. ज्या पोराला चालता येतं ते धाकट्याला घेऊन बांधावर बसलेलं असतं, शाळेच्या वयाचंच ते. दिवसाला दोनेक टन होतात. २०२४ च्या जानेवारीत मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली, टनाला ३६६ रुपयांच्या आसपास, आता दोघांच्या मिळून चौदा-पंधरा तासांच्या कामाला तो हिशोब तुम्हीच लावा. आणि आजारी पडून एक दिवस नाही गेलं तर खाडा, पाचशे रुपये कापतात, कुठं हजार.

हा खाडा म्हटला की मला तुळजापूर आठवतं. तुळजाभवानीचं दसऱ्याला पहाटे सीमोल्लंघन होतं, पालखी बुऱ्हाणनगरहून आलेली असते, देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पालखीत घेतात, मिरवतात, आणि त्यानंतर देवी पलंगावर पाच दिवस झोपते, थेट कोजागिरीपर्यंत. त्याला श्रमनिद्रा म्हणतात. नऊ दिवस लढली, शीव ओलांडली, आता विश्रांती. मराठवाड्यातली लाखो ऊसतोड कुटुंबं या देवीला मानणारी. देवीला पाच दिवस आणि तिच्या लेकीला पाळीच्या दिवशी सुट्टी घेतली तर पाचशेचा खाडा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांचा विषय २०१९ ला गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३ हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी अजून चाळिशीच्या आतल्या. त्यामागं डॉक्टरांची लबाडी किती आणि खाड्याची भीती किती हे वेगळं करता येत नाही, दोन्ही एकमेकांत गुंतलंय. पण फडावर पाणी, आडोसा, संडास आणि महिन्यातून दोन दिवस विनाखाड्याची सुट्टी एवढं असतं तर या आकड्यातला मोठा भाग नसता असं मला ठाम वाटतं.

शिवेवर नेमकं काय अडतं ते बघा. रेशन गावात, माणूस फडात. आता एक देश एक रेशन कार्ड आल्यापासून कागदोपत्री कुठंही धान्य मिळतं, पण कारखान्याच्या गावातल्या दुकानदाराला या लोकांचा कोटाच आलेला नसतो आणि रात्री नऊला फडातून आलेल्या बाईला दुकान उघडं सापडत नाही. अंगणवाडीत गरोदर बाईचं नाव गावात, पोट फडात. कारखान्याच्या तळावर पोरांसाठी साखरशाळा होत्या, त्या बऱ्याचशा बंद पडल्या. मतदान, २०२४ ला विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, ऐन हंगामाच्या तोंडावर. अपघात झाला, बैल मेला, कोपी म्हणजे राहायची झोपडी जळाली तर मजूर कुणाचा? कारखाना म्हणतो मुकादमाचा, मुकादम म्हणतो मी तर मधला. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला, पण बीडहून सांगलीला जाणारा माणूस राज्यातल्या राज्यात जातो म्हणून तो त्यात बसतच नव्हता, आणि कर्नाटकात जाणारा बसायचा तो कागदावर. एकाच गावची दोन घरं, एकाला कायदा होता आणि दुसऱ्याला नव्हता, कारण त्यानं ओलांडलेली सीमा पुरेशी मोठी नव्हती!

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणणार नाही. गोपीनाथ मुंडेंच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे असं ठरलंय. संत भगवानबाबांच्या नावानं मुलामुलींच्या ८२ वसतिगृहांची योजना आहे, म्हणजे आईबाप गेले तरी पोरं गावाकडं शिकतील, ही मला सगळ्यात चांगली गोष्ट वाटते, काही सुरूही झालीत, बरीचशी भाड्याच्या इमारतीत. पण या सगळ्याचा रोख बघितला तर तो मागे राहणाऱ्यांकडे आहे. जो गेला त्याच्याबरोबर काय गेलं हे अजून कुणी मोजत नाही. सभासदानं लिहिलेली ती निघतानाची यादी, ती आज कुठंय? ग्रामसेवकानं ओळखपत्रं द्यायची आहेत, दिलीही जातात, पण त्या गावातून किती कोयते कुठल्या कारखान्याला गेले, त्यात गरोदर किती, सहा वर्षांखालची पोरं किती, ही यादी गावातून कारखान्याच्या तालुक्याला आपोआप जायला पाहिजे. उसाच्या एकेका गट नंबरची नोंद कारखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, कुठल्या शेतातला ऊस कुठल्या तारखेला तुटणार ते मोबाईलवर कळतं, आणि तो तोडणाऱ्या बाईचं नाव मात्र कुठंच नाही, कारण ती अर्धा कोयता. टेक्निकली हे अवघड आहे असं कुणी सांगू नये.

कारखानदार म्हणतील आमच्यावर आधीच एफआरपीचं, म्हणजे शेतकऱ्याला उसाचा ठरलेला किमान दर देण्याचं ओझं, त्यात हे. ठीक, पण आता हार्वेस्टर, म्हणजे ऊस तोडायचं यंत्र घ्यायला तेच कारखाने अनुदान मागतात आणि मिळतंही. यंत्राला शेड बांधता, डिझेल भरता, मेकॅनिक ठेवता. मग माणसाला पाचटाच्या कोपीत का ठेवता, निदान पत्र्याचं छप्पर, लाईट आणि नळ एवढं कारखान्याच्या हद्दीत बांधून ठेवायला काय हरकत आहे? छावणी शाकारून ठेवण्यातलाच हा प्रकार, वेगळं काही नाही.

आणि उचलीचं करारपत्र. मुकादमाबरोबर आज बहुतेक सगळं तोंडी किंवा कोऱ्या स्टॅम्पवर चालतं, बुडवाबुडवी दोन्ही बाजूंनी होते, मुकादमही लुटले जातात हे खरं आहे, कर्जात बुडालेले मुकादम मी बघितलेत. म्हणूनच तिहेरी करार पाहिजे, कारखाना-मुकादम-मजूर, नवराबायको दोघांची वेगवेगळी नावं घालून, आणि तो महामंडळाकडे नोंदवलेला. बाईचं नाव स्वतंत्र आलं की मजुरी तिच्या खात्यावर, विमा तिच्या नावावर, आणि अर्धा कोयता हा शब्दच बाद.

तर यंदा दसऱ्याला कुठल्याही मेळाव्याला जाणार असाल, कुठल्याही म्हणजे कुठल्याही, तर भाषण सुरू व्हायच्या आधी आपल्या भागातल्या आमदाराला गाठा आणि तीन गोष्टी विचारा. गेल्या हंगामात आपल्या तालुक्यातून किती कोयते गेले त्याचा आकडा द्या. टनामागच्या दहा रुपयांचे किती जमा झाले आणि कुठल्या कारखान्याचे थकले ते सांगा. आणि मंजूर वसतिगृह आपल्या तालुक्यात कुठल्या इमारतीत आहे, त्यात आज किती पोरं आहेत. उत्तर लेखी मागा.